माळ्यावरचा अमेरिकन मिक्सर, बडोद्याच्या ओट्यावर

आधी एक खुलासा. आपल्याकडे मिक्सर म्हटलं की चटणीचा. हा तो नव्हे. हा स्टँड मिक्सर: मागे कलणारं जड डोकं, खाली स्टीलचं भांडं, आणि पातं स्वतःभोवती एका दिशेला फिरत भांड्यातून उलट्या दिशेला प्रदक्षिणा घालणारं. नवा घ्यायचा की घरात पडलेला जुना चालू करायचा, या वादात मी जुन्याच्या बाजूने पडले. त्याचं काय झालं ते लिहून ठेवते आहे. अमेरिकेहून आलेली अशी यंत्रं बडोद्यात बऱ्याच घरांच्या माळ्यावर असणार.

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

धाकट्या जाऊबाई न्यू जर्सीहून कायमच्या परत आल्या त्याला सहा वर्षं झाली. सामानाबरोबर हा आला आणि "ताई, तुम्हीच वापरा" म्हणून आमच्या कारेलीबागेतल्या फ्लॅटच्या माळ्यावर चढला. आज खाली काढला. वजनकाट्यावर साडेदहा किलो. स्टुलावर उभं राहून एकटीने काढायची वस्तू नाही ही. ह्यांना हाक मारायला हवी होती. मारली नाही, म्हणून उजव्या पायाच्या अंगठ्याला काळं पडलं आहे.

बुडाच्या पाटीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, २७५ वॅट. भांडं साधारण सव्वाचार लिटरचं. सोबत चपटं पातं, कणकेचा हूक आणि तारांचा व्हिस्क.

शनिवार-रविवारी मी ओळखीच्या घरांना पाव करून देते. एका वेळी दीड-दोन किलो मैदा हाताने मळायचा, आणि गेल्या दिवाळीपासून खांदा बोलायला लागला आहे. नवे पाहिले तर सहा-सात हजारांपासून आहेत, खोक्यावर १००० वॅट, १२०० वॅट असं ठळक लिहिलेले. नावाजलेले चाळीस हजारांच्या आसपास. दोन्ही नको म्हटलं. जुन्यावर पाच हजारांच्या वर खर्च करायचा नाही, असं ठरवून वहीत लिहिलं.

२४ फेब्रुवारी

ट्रान्सफॉर्मर आणला. आपल्या भिंतीतल्या २३० व्होल्टचे ११० करणारा, ३०० वॅटचा, ₹९५०. मशीन २७५ चं, डबा ३०० चा, म्हणजे २५ शिल्लक, असा माझा हिशोब. दुकानदाराने मान डोलावली. हा हिशोब का चुकीचा होता ते पुढे येईल.

रिकामं फिरवून पाहिलं. पहिल्या वेगापासून दहाव्यापर्यंत छान चाललं. सासूबाई खोलीतून बाहेर येऊन म्हणाल्या, "पिठाची गिरणी घेतलीस का?"

२६ फेब्रुवारी

केकसाठी पाव किलो लोणी आणि साखर फेटायला घातली. पाच मिनिटांत इतकं पांढरं, हलकं झालं की मी फोटो काढायला गेले. फोटोत दिसलं: पात्याच्या दांड्यावरून तपकिरी तेलाचा ओघळ भांड्यात उतरतो आहे.

सगळं फेकलं. लोणी, साखर, वेलची धरून साधारण ₹४००.

कारण सोपं आहे. डोक्यात गिअर असतात, गिअरना ग्रीस असतं. मशीन वर्षानुवर्षं पडून राहिलं की ग्रीसमधलं तेल सुटं होतं, आणि आमच्या माळ्यावर मे महिन्यात काय तापमान असतं ते सांगायला नको. चालू केल्यावर ते तेल वाट काढत खाली येतं. नुसतं पुसून चालवणारे लोक आहेत. मला ते पटलं नाही. उघडायचं ठरलं.

१ ते ४ मार्च

चार दिवस एका पिनेने खाल्ले.

डोक्याखाली चकतीसारखा फिरणारा भाग असतो, ज्यातून पात्याचा दांडा बाहेर येतो. त्याच्या बाहेरची स्टीलची कडी स्क्रूड्रायव्हरने उचकटून निघाली. मग आतल्या उभ्या दांड्यात आडवी ठोकलेली एक बारीक पिन. ती निघाल्याशिवाय चकती निघत नाही, चकती निघाल्याशिवाय तिच्यामागचे पाच स्क्रू दिसत नाहीत.

पहिल्या दिवशी खिळा ठेवून ठोकलं. खिळा वाकला. दुसऱ्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे (₹२२०) मारून रात्रभर ठेवलं, पुन्हा ठोकलं, दुसरा खिळा वाकला आणि पिनेचं डोकं थोडं पसरलं. म्हणजे काम मीच अवघड केलं. चौथ्या दिवशी हे मकरपुऱ्याला जात होते, तिथल्या लेथवाल्याकडून त्यांनी पिन-पंच आणला, ₹८०. खाली लाकडाचा ठोकळा, ह्यांनी डोकं घट्ट धरलं, मी दोन टोले दिले. निघाली. ज्याला हे करायचं असेल त्याने आधी पंच आणावा. माझे तीन दिवस आणि दोन खिळे वाचले असते.

५ मार्च

मागचं झाकण एका स्क्रूवर. आतल्या वायरी सोडवण्याआधी फोटो काढले, हे एक शहाणपण केलं. दोन्ही बाजूंच्या बूचांखालचे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे) मात्र काढून एकाच वाटीत टाकले, तो मूर्खपणा. ब्रशचं टोक झिजून मोटरच्या गोलाईला बसलेलं असतं. डावा-उजवा, वर-खाली, जसा होता तसाच परत जायला हवा.

आत जुनं ग्रीस एका कोपऱ्यात डिंकासारखं घट्ट, दुसरीकडे नुसतं तेल. आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याने खरवडून काढलं, मग जुन्या बनियनच्या चिंध्यांनी पुसलं. दोन तास लागले आणि खिडक्या उघड्या ठेवूनही सासूबाईंना गॅरेजचा वास आला.

गिअर तपासले. त्यातला एक मुद्दाम नरम ठेवलेला असतो, कणकेचा लोड फार झाला तर मोटर जळण्याऐवजी त्याचे दात जावेत म्हणून. आमच्याचे दात शाबूत निघाले. एवढं एक नशीब.

६ ते १५ मार्च

ग्रीससाठी थांबले. दुकानात गाडीच्या बेअरिंगचं ग्रीस पुढे केलं, "बेन, बद्धुं सरखुं ज छे." सरखं नाही. ज्याच्याखाली खायचा पदार्थ असतो तिथे फूड ग्रेड ग्रीस लागतं, डब्यावर एच-१ लिहिलेलं. ऑनलाइन ४०० ग्रॅमचा डबा, ₹१,१५०, यायला नऊ दिवस.

मधल्या काळात १३ तारखेला होळी झाली. पुरण नेहमीच्या पुरणयंत्रात. ओट्याच्या कोपऱ्यात मिक्सर आतडी बाहेर काढून बसलेला. सासूबाई यंत्राची मूठ फिरवत एवढंच म्हणाल्या, "हे १९७४ पासून चालतंय. याला करंट लागत नाही."

१६ मार्च, रविवार

जोडला. ग्रीस अंदाजे १७० ग्रॅम लागलं, गिअरच्या दातांवर चोपडून आणि वरून भरून. चालू केल्यावर मागच्या बाजूने निळ्या ठिणग्या आणि जळका वास. ब्रश उलटे. काढून फिरवले, ठिणग्या गेल्या. दहा मिनिटं रिकामं चालवलं, पात्याखाली पांढरा कागद ठेवून. कागद कोरा.

मग दुसरी भानगड: चपटं पातं भांड्याच्या तळाला खडखड घासतं आहे. डोकं उघडून बसवल्यावर उंची बदलली. यावर नाण्याची युक्ती आहे. रिकाम्या भांड्यात एक रुपयाचं नाणं टाकायचं आणि सगळ्यात कमी वेगावर चालवायचं. पात्याने दर फेरीला नाण्याला बोटभर ढकललं की उंची बरोबर. ढकललंच नाही तर पातं फार वर, आणि नाणं गरागरा फिरत राहिलं तर फार खाली. डोकं जिथे कलतं त्या बिजागरीपाशी एक स्क्रू असतो, तो पाव-पाव आटा फिरवायचा. मला सहा खेपा लागल्या.

२० मार्च

पहिली पावाची कणीक. ५०० ग्रॅम मैदा, वेग २. चौथ्या मिनिटाला ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला, सहाव्याला वार्निशचा वास आला. हात लावला तर चटका. बंद केला.

पाटीवरचे २७५ वॅट हे सरळ चालताना. मोटर सुरू होताना आणि कणीक घट्ट होऊन पातं अडताना ती त्याहून पुष्कळ जास्त ओढते. शिवाय स्वस्त डब्यावर छापलेला ३०० चा आकडा सतत चालण्यासाठी नसतो. मकरपुरा जीआयडीसीतल्या (तिथली औद्योगिक वसाहत) वाइंडिंगवाल्याने झाकण उघडून दाखवलं, तारा अॅल्युमिनियमच्या. त्याने तांब्याच्या तारेचा १००० व्हीएचा, म्हणजे ढोबळमानाने १००० वॅटचा, बांधून दिला, ₹२,६००. जुना ₹३०० ला ठेवून घेतला. नवा सात किलोचा, तो ओट्याखाली डाळींच्या डब्यांशेजारी राहतो. पाच हजारांची वहीतली ओळ इथे पार झाली. मी ती खोडली नाही, तशीच ठेवली आहे.

३० मार्च, गुढीपाडवा

श्रीखंड. तीन लिटर दुधाचं दही रात्रभर टांगून सव्वा किलोच्या आतबाहेर चक्का. उत्साहाच्या भरात व्हिस्क लावला आणि वेग ६. दोन मिनिटांत चक्का सैल पडला आणि साखर घातल्यावर चमच्यावरून ओघळायला लागला. चक्का जोरात घुसळला की त्याची वीण मोडते, आणि मोडलेली परत बसत नाही. फ्रिजमध्ये चार तास ठेवूनही जेमतेम सावरलं.

सासूबाई: "हे श्रीखंड की मठ्ठा?" हे म्हणाले, बडोद्यात याला मठो म्हणतात आणि श्रीखंडाच्या भावात विकतात. पाडवा निभावला.

उरलेल्या पाव किलो चक्क्यावर दुसऱ्या दिवशी चपटं पातं, वेग १, फक्त दीड मिनिट, पिठीसाखर आधीच मिसळलेली. फडक्यावर घासल्यासारखं गुळगुळीत आणि घट्ट. या कामाला मशीन खरंच चांगलं आहे, हात आवरता आला तर.

६ एप्रिल, रामनवमी

पोळ्यांची कणीक. सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून नीट करून पाहिलं. आमच्याकडे गहू लोकवन. (हे लोकवन म्हणजे 'लोक-१', भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निघालेलं वाण. इंग्रजी 'वन' लोकांच्या तोंडी बसून वन झालं. मी लहानपणी तो जंगलातला गहू समजत असे.)

चार माणसांची रोजची ३०० ग्रॅम कणीक घातली. हूक मधे फिरतो, पीठ कडेला बसून मजा बघतं. दोनदा थांबवून उलथन्याने मधे ढकललं. सात मिनिटं गेली, वर भांडं आणि हूक धुवायचे. हाताने हे काम पाच मिनिटांचं, आणि परात एकच.

८०० ग्रॅम घातली तेव्हा सुरेख मळली गेली, पण पाण्याचा पाव भाग मागे ठेवून हळूहळू घालावा लागला, नाहीतर कणीक हुकावरून वर चढत चकतीपर्यंत जाते. आणि मग चाळीस पोळ्या लाटायला कोण? सणावाराला, पाहुण्यांना ठीक. रोज नाही.

१३ एप्रिल

जाऊबाई सहकुटुंब जेवायला. सोळा वर्षांच्या पुतण्याने मिक्सर पाहिला, "आपला मिक्सर!" म्हणाला आणि मला दाखवायला म्हणून थेट भिंतीत लावला. मी प्लग मुद्दाम अमेरिकन चपट्या पिनांचाच ठेवला होता, म्हणजे कुणी चुकून २३० वर लावणार नाही. पण ओट्याशेजारचा नवा सॉकेट कुठलीही पिन घेणारा आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

विमान उठल्यासारखा आवाज. त्याने दोन सेकंदांत बंद केला. पोरगा पांढरा पडला होता, त्याला काही बोलले नाही. चूक सॉकेटची आणि माझी.

नंतर ट्रान्सफॉर्मरवर लावला तर खटका कुठेही ठेवा, मशीन पूर्ण वेगात. रावपुऱ्यातल्या एका जुन्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढून बोर्ड पाहिला. ट्रायॅक शॉर्ट झालेला. वेग आवरणारा तोच, तो शॉर्ट झाला की मोटरला लगाम राहत नाही. भाग काही रुपयांचा, मजुरी धरून ₹२५०, पण त्यात नऊ दिवस गेले, कारण पहिल्यांदा आणलेला ट्रायॅक बसला नाही.

आता प्लगच्या वायरला लाल चिकटपट्टी आणि तिच्यावर मराठीत, गुजरातीत लिहिलं आहे: भिंतीत लावू नये. आणि प्लग ट्रान्सफॉर्मरच्या डब्यातून काढायचाच नाही, असा घरात कायदा.

२७ एप्रिल, रविवार

बाहेर ४१ अंश, स्वयंपाकघरात ३६. पावाची कणीक आठ मिनिटं मळली, सुरेख ताणली गेली. तासाभरात फुगून भांड्याबाहेर, भाजल्यावर आंबूस वास आणि वरून बसलेले पाव. दोन लाद्या वाया. एक कबूतरांना, एक मी दुधात बुडवून खाल्ली.

₹४५० चा सुईवाला थर्मामीटर आणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मळली. मळून झाल्यावर कणीक ३३ अंश. पावाला २५-२६ हवी. हाताने मळताना हे कधी जाणवलं नव्हतं, कारण मशीन घासून घासून स्वतःची उष्णता देतं. बेकरीवाले यासाठी एक हिशोब करतात: हव्या तापमानाची तिप्पट, वजा पिठाचं, वजा खोलीचं, वजा मशीनच्या घर्षणाचं. उरेल तेवढं पाण्याचं तापमान. घर्षणाचे मी १३ धरले. २६ च्या तिप्पट ७८, त्यातून ३४, ३६ आणि १३ गेले. उत्तर उणे ५.

उणे पाच अंशाचं पाणी आणायचं कुठून? बर्फ टाकून पाहिला. बर्फाचे खडे हुकाखाली कडकडतात, आणि वितळेपर्यंत कणीक कोरडी वाटते म्हणून मी जास्त पाणी ओतलं. पुन्हा फसलं.

४ मे

पाणी गार करण्याच्या नादात पीठ विसरले होते. रात्रभर मैदा फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी ८ अंश. आता ७८ वजा ८ वजा ३६ वजा १३, म्हणजे २१. फ्रिजचं आणि माठाचं पाणी मिसळून २१ झालं. मळल्यावर कणीक २६.५.

५०० ग्रॅम मैदा, ३१० पाणी, १० साखर, ९ मीठ, ४ कोरडं यीस्ट, शेवटी ३० लोणी. आधी सगळं जेमतेम ओलं करून वीस मिनिटं झाकून ठेवायचं, मग वेग २ वर चार मिनिटं, पाच मिनिटं मशीनला विश्रांती, पुन्हा चार. वेग २ च्या वर कणीक कधीच नाही. बोटांवर ताणली तर पडद्यासारखी पारदर्शक होते, फाटत नाही. लाद्या अशा फुगल्या की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वासावरून फोन केला.

दोन किलोसाठी चार घाण्या लागतात. दोन तास जातात, पण खांदा दुखत नाही. बसून पेपर वाचते.

११ मे

भाकरवडीची पारी. बडोद्यात राहून हे करून पाहिलंच पाहिजे. बेसन-मैद्याचं घट्ट पीठ, दीड मिनिटात मोटर कण्हायला लागली, डोकं उड्या मारायला लागलं. नरम गिअरची आठवण झाली आणि लगेच थांबवलं. इतकं घट्ट पीठ या ताकदीच्या मशीनचं काम नाही, हातानेच मळलं.

पण एक उपयोग सापडला. कोरड्या पिठाला मोहन चोळायचं काम चपट्या पात्याने वेग १ वर दोन मिनिटांत इतकं एकसारखं होतं की हाताने होत नाही. मूठ वळते, सुटते. शंकरपाळी, करंजी, सगळ्याला आता हेच.

१८ मे

हूक काळा पडला. तो नुसत्या अॅल्युमिनियमचा आहे. मावशींनी सोड्याच्या पावडरीने घासला, आता हात लावला की राखाडी डाग. लिंबू आणि मिठाने घासून बराच उतरला. तेव्हापासून हूक मीच धुते, साध्या साबणाने, आणि लगेच पुसते. मावशींना वाटतं मी रागावले आहे.

२५ मे

हिशोब. पहिला ट्रान्सफॉर्मर ९५०, स्प्रे २२०, पंच ८०, ग्रीस १,१५०, फेकलेलं लोणी वगैरे ४००, दुसरा ट्रान्सफॉर्मर २,६०० उणे जुन्याचे ३००, ट्रायॅक २५०, थर्मामीटर ४५०. एकूण ₹५,८००. यात वाया गेलेल्या लाद्या आणि माझा अंगठा धरलेला नाही. ह्यांनी शांतपणे सांगितलं, आणखी हजार-बाराशे घातले असते तर नवा आला असता, वर्षाच्या गॅरंटीसह. खरं आहे. पण नव्याच्या डोक्यात काय आहे ते मला कधीच कळलं नसतं, आणि तो पाच वर्षांनी बंद पडला असता तर मी तो भंगारवाल्याला दिला असता.

मशीन आता ओट्यावर कायमचं आहे. उचलून ठेवायचं म्हटलं की वापर थांबतो, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. खाली रबरी चटई, नाहीतर कणीक मळताना ते सरकत कडेला येतं. काही करायचं नसलं तरी महिन्यातून एकदा दोन मिनिटं रिकामं फिरवते, म्हणजे ग्रीस बसून राहत नाही.

डब्यात २३० ग्रॅम ग्रीस उरलं आहे. बडोद्यात कुणी आपला उघडणार असेल तर पंचासकट घेऊन जा. तोवर डबा फ्रिजशेजारच्या फडताळात आहे. फूड ग्रेड हे शब्द वाचून सासूबाईंनी तो एकदा तुपाशेजारी ठेवला होता, म्हणून आता त्याच्यावरही लाल चिकटपट्टी आहे.